ऐंशी-जीची देणगी: नाट्यमंडळाला, वाचनालयाला पैसे देण्याआधी आणि दिल्यावर काय करायचं

धान घरात आलं की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडप पडतात, नाटकं लागतात आणि गावोगावची पावतीबुकं बाहेर निघतात. मार्चमध्ये ८०जी, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात वजावट देणाऱ्या कलमाखाली, सवलत मागायला तीच पावती घेऊन माणूस कर सल्लागाराकडे जातो आणि तिथे कळतं की हिचा काही उपयोग नाही. कधी देणाऱ्यानेच नवी कररचना घेतलेली असते, कधी मंडळाची मंजुरी संपलेली असते, कधी रक्कम रोखीत दिलेली असते. सगळं बरोबर असूनही मे महिन्यात संस्थेने भरायचं विवरण राहून गेलेलं असतं, हे तर सर्रास. यातल्या बहुतेक चुका कामाचा क्रम चुकल्यामुळे होतात. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या.

एक खुलासा आधीच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. त्यात ८०जीची तरतूद कलम १३३ मध्ये गेली आणि फॉर्मचे क्रमांकही बदलले. लोकांच्या तोंडी अजून जुनीच नावं आहेत, म्हणून इथेही तीच वापरली आहेत. पोर्टलवर वेगळा क्रमांक दिसला तर दचकू नका.

टप्पा १ : देणाऱ्याने आधी स्वतःचा कर बघावा

८०जीमध्ये दिलेले पैसे परत मिळत नाहीत. रकमेचा काही भाग करपात्र उत्पन्नातून वजा होतो आणि तेवढ्या भागावरचा कर वाचतो. मुळात करच लागत नसेल तर वाचणार काय?

फक्त शेती असलेल्यांचा प्रश्न इथेच संपतो. कापूस, सोयाबीन, संत्रा, धान यांच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे ८०जीचा फायदाही नाही. देणगी खुशाल द्या, साधी पावती घ्या.

पगारदारांचं गणित बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा वेगळं निघतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी कररचना आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जी चालत नाही. समजा एका शिक्षकाचा वर्षाचा पगार ९ लाख आहे. जुन्या रचनेत ५० हजारांची प्रमाणित वजावट आणि बचत-गुंतवणुकीवरच्या ८०सी वजावटीचे दीड लाख काढले की ७ लाख करपात्र उरतात. त्यावर उपकरासह ५४,६०० रुपये कर. त्यांनी वाचनालयाला २०,००० दिले तर १०,००० ची वजावट मिळते आणि २,०८० रुपये वाचतात. पण आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करच लागत नाही, म्हणजे याच शिक्षकाचा कर तिथे शून्य. दोन हजारांच्या सवलतीसाठी ५२ हजार कर भरायला कोणी जुन्या रचनेत जाणार नाही आणि जाऊही नये. गृहकर्ज, घरभाडे भत्ता, विमा अशा मोठ्या वजावटी असलेल्या चांगल्या पगाराच्या माणसालाच जुनी रचना परवडू शकते. दोन्ही रचनांचा आकडा काढल्याशिवाय तसं गृहीत धरू नका.

मग ८०जी खरी कामाची कोणाला? आमच्या भागात उत्तर आहे भागीदारी फर्मला. राइस मिल, जिनिंग, कृषी केंद्र, आडत यांपैकी अनेक धंदे भागीदारीत चालतात. फर्मला जुनी-नवी अशी भानगड नाही. तिला सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर लागतो, आणि ८०जीची वजावटही मिळते. फर्मचं उत्पन्न १२ लाख असेल आणि तिने नाट्यसंस्थेला १ लाख दिले, तर ५० हजारांची वजावट मिळून १५,६०० रुपये कर वाचतो. पण हेच पैसे भागीदाराने आपल्या घरच्या खात्यातून दिले तर ती देणगी त्याची व्यक्तिगत होते, आणि तो नव्या रचनेत असेल तर सगळं पाण्यात. खातं फर्मचं हवं, पावतीवर नाव फर्मचं हवं आणि पॅनही फर्मचाच.

मर्यादाही लक्षात ठेवा. साधारण सांस्कृतिक संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के वजावट मिळते. पण मुळात समायोजित एकूण उत्पन्नाच्या (म्हणजे इतर वजावटी काढून उरलेल्या उत्पन्नाच्या) १० टक्क्यांपर्यंतचीच देणगी मोजली जाते. वरच्या फर्मचं उत्पन्न ६ लाख असतं तर लाखातले ६० हजारच धरले असते आणि वजावट ३० हजारांची झाली असती. उरलेले ४० हजार पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत. मोठी रक्कम द्यायची असेल तर मार्च आणि एप्रिल अशी दोन वर्षांत वाटून द्या. फर्मच्या मुनीमजींनी देणगी खर्चात टाकली असेल तर ती आधी नफ्यात परत मिळवावी लागते, तेवढं सीएला आठवणीने सांगा.

कंपनीने २२ टक्क्यांचा सवलतीचा दर घेतला असेल तर तिला ८०जी नाही.

एकट्याच्या मालकीच्या दुकानदाराला नवी रचनाच लागू असते. जुन्यात जायचं तर १०-आयईए फॉर्म भरावा लागतो. मग एकदा नव्यात परतलं की धंदा चालू आहे तोवर पुन्हा जुन्यात जाता येत नाही. एवढा उपद्व्याप देणगीसाठी करू नका. त्याला दुसरी वाट आहे. मंडळाच्या स्मरणिकेत दुकानाची जाहिरात द्यावी. तो धंद्याचा खर्च आहे आणि नव्या रचनेतही चालतो. अट अशी की जाहिरात खरोखर छापलेली असावी, मंडळाचं बिल असावं आणि दुकानाची पुस्तकं ठेवलेली असावीत. विक्रीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून अंदाजे रिटर्न भरणाऱ्याला हा खर्च वेगळा मिळत नाही. आणि एकाच रकमेची जाहिरातही आणि देणगीही दाखवायची नाही.

> तपासणी : यंदा मला कर लागतो का? मी कोणत्या रचनेत आहे? पैसे कोणाच्या पॅनवरून जाणार? तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २ : संस्थेचे कागद मागा, आणि तारीख वाचा

“आमची संस्था नोंदणीकृत आहे” हे वाक्य दर दुसऱ्या गावात ऐकू येतं. ते खरंही असतं. धर्मादाय कार्यालयाची नोंदणी असते, वाचनालय असेल तर शासनमान्यता असते, अनुदानही येत असतं. पण यातल्या कशानेही ८०जी मिळत नाही. ती आयकर विभागाची वेगळी मंजुरी आहे.

अध्यक्ष किंवा सचिवांकडून तीन कागदांचे फोटो मागा: ८०जीचा आदेश, संस्थेचं पॅन कार्ड आणि पासबुकाचं पहिलं पान. तिन्हींवरचं नाव अक्षरशः एकच असायला हवं. आदेश १०एसी किंवा १०एडी या फॉर्मवर असतो. गोंधळ होतो तो इथे. १२एबीची नोंदणी आणि ८०जीची मंजुरी सारख्याच दिसणाऱ्या कागदावर येतात. १२एबी संस्थेचा स्वतःचा कर माफ करते, देणाऱ्याला तिचा काही फायदा नाही. म्हणून कलमाच्या रकान्यात ८०जी लिहिलंय का ते बोट ठेवून वाचा. १६ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक, म्हणजे यूआरएन, उतरवून घ्या.

मग मुदत बघा. २०२१ साली जुन्या संस्थांनी फेरनोंदणी केली तेव्हा बहुतेकांना “आकारणी वर्ष २०२२-२३ ते २०२६-२७” अशी मंजुरी मिळाली. हे वाचून अनेक मंडळं समजतात की मार्च २०२७ पर्यंत काळजी नाही. आकारणी वर्ष एक वर्ष पुढे चालतं. ही मंजुरी ३१ मार्च २०२६ ला संपली. त्यानंतर दिलेल्या पैशांसाठी नूतनीकरणाचा नवा आदेश हवा.

आयकर विभागाच्या संकेतस्थळावर करसवलतपात्र संस्थांची यादी असते. तिथे संस्थेचं नाव किंवा पॅन टाकून स्वतः खात्री करून घ्या.

> सावधान : “अर्ज केलाय, येईलच” यावर मोठी रक्कम देऊ नका. अर्जाची पोच म्हणजे मंजुरी नव्हे.

मंडळाकडे ८०जी नाहीच, तर

हा भाग मंडळाच्या कार्यकारिणीसाठी. घाई असलेल्या देणगीदाराने टप्पा ३ वर जावं.

क्रम असा: धर्मादाय कार्यालयात नोंदणी, संस्थेच्या नावाचं पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं, मग आयकर पोर्टलवर १२एबी, त्यासोबत किंवा त्यानंतर ८०जी. काम सुरू व्हायचं असेल तर १०ए फॉर्मने तीन वर्षांची तात्पुरती मंजुरी मिळते. काम आधीपासून चालू असेल तर १०एबी. तात्पुरती मंजुरी पक्की करायचा अर्ज ती संपायच्या निदान सहा महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, जे आधी येईल तेव्हा करावा लागतो. ही तारीख चुकलेली मंडळं भरपूर आहेत. पाच वर्षांच्या मंजुरीचं नूतनीकरणही संपायच्या सहा महिने आधीच मागायचं असतं.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा जुन्या कागदांवर. अध्यक्ष वारले, सचिव मुलाकडे नागपूरला गेले आणि धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर अजून त्यांचीच नावं. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो दहा वर्षांचा साचला असेल तर आधी तो निपटा, लेखापरीक्षित हिशेब सादर करा, मगच आयकराकडे वळा.

कला आणि संस्कृतीच्या संस्थांना दोन अटी खास नडतात.

पहिली तिकिटांची. कायद्याच्या भाषेत कलेचं काम “सार्वजनिक उपयुक्तता” या सदरात येतं, आणि तिथे व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली तर करमाफी धोक्यात येते. शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री वडसा-देसाईगंजहून नाटक कंपनी बोलवायची, हजारभर तिकिटं विकायची आणि वर्षाची सगळी जमा त्यातूनच काढायची, असं मंडळ मुळात ८०जीचं गिऱ्हाईक नाही. त्याचं नाटक चांगलं चालतं, ते हिशेब चोख ठेवतं, तरीही नाही. अशा गावाने कलेचं विनातिकीट काम वेगळ्या संस्थेत ठेवावं: मुलांची दंडार या लोककलेची शिबिरं, म्हाताऱ्या शाहिरांचं ध्वनिमुद्रण, वाचनालय. संस्था कागदापुरती नसावी, काम खरं असावं.

दुसरी अट धार्मिक खर्चाची. खंजिरी भजन ही कला आहे, यात वाद नाही. पण घटनेत “अमुक समाजाच्या उन्नतीसाठी” असं लिहिलेलं असेल, किंवा पूजा, महाप्रसाद, सप्ताह यांवर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून जास्त खर्च होत असेल, तर ८०जी मिळत नाही आणि मिळालेली टिकत नाही.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हवा असेल तर १२एबी आणि ८०जी हाती आल्यावर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी करा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला, सार्वजनिक वाचनालय आणि वारसा जतन हे तिन्ही विषय आहेत. खाण आणि सिमेंटच्या पट्ट्यातल्या संस्थांनी हे विसरू नये.

टप्पा ३ : ही देणगी आहे की खरेदी?

नाटकाचं तिकीट, पहिल्या रांगेच्या खुर्चीचा पास, स्पर्धेची प्रवेश फी: या बदल्यात काहीतरी मिळतं, म्हणून या देणग्या नव्हेत. रंगमंचावर जाऊन नटाच्या हातात दिलेलं बक्षीसही नाही.

वस्तू चालत नाहीत. सार्वजनिक वाचनालयाला दिलेली पुस्तकं, भजनमंडळाला दिलेली पेटी आणि तबलाजोडी, नाट्यगृहाच्या भिंतीसाठी टाकलेल्या विटा आणि रेती, यांचं मूल्य कितीही असो, ८०जीत शून्य. उपाय साधा आहे. पेटीची किंमत संस्थेच्या खात्यात भरा आणि पेटी संस्थेलाच घेऊ द्या, बिल संस्थेच्या नावाने. देणगीदाराने दुकानात परस्पर पैसे दिले आणि बिलावर मंडळाचं नाव टाकून आणलं, तर ते चालणार नाही.

जुन्या मंदिराच्या कामासाठी द्यायचं असेल तर थोडं थांबा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंडादेवसारखी मंदिरं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. तिथली यात्रा समिती वेगळी आणि जतनाचं काम वेगळं. केंद्र सरकारने १९९६ मध्ये स्थापन केलेला राष्ट्रीय संस्कृती निधी वारसा जतनासाठी देणग्या घेतो. त्याला दिलेल्या रकमेवर १०० टक्के वजावट आहे आणि १० टक्क्यांची मर्यादाही नाही. अर्थात तुमच्या गावच्या वाचनालयाला त्याचा उपयोग नाही.

टप्पा ४ : पैसे देणं

रोखीत २,००० रुपयांपर्यंतच. त्यापेक्षा जास्त रोख दिली तर वरचाच भाग नव्हे, पूर्ण रक्कम बाद होते. चेक, आरटीजीएस, यूपीआय सगळं चालतं.

यूपीआय करताना समोर कोणाचं नाव येतं ते बघा. मंडपातल्या फलकावरचा क्यूआर कोड बऱ्याचदा खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा असतो. त्यात गेलेला पैसा त्याने प्रामाणिकपणे संस्थेत भरला तरी तुमच्या पासबुकात संस्थेचं नाव येत नाही.

नवऱ्याच्या खात्यातून पैसे आणि बायकोच्या नावाची पावती, असंही करू नका.

परदेशातल्या मुलाने गावच्या वाचनालयाला पैसे पाठवायचे असतील तर त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक आपल्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने देऊ शकतो. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी होते, आणि एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेने तिचा एक रुपयाही घ्यायचा नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी हेच.

टप्पा ५ : पावती

गणपतीच्या वर्गणीची उरलेली पावतीबुकं वापरू नका. त्यांत “श्री.” आणि “रु.” एवढेच रकाने असतात. नवी छापून घ्या, शे-दोनशे रुपयांचं काम आहे. त्यात संस्थेचं नाव-पत्ता, पॅन, ८०जीचा यूआरएन आणि तारीख, देणाऱ्याचं पॅनवर आहे तसं नाव, पूर्ण पत्ता, पॅन, पैसे कसे आले आणि व्यवहार क्रमांक हे सगळं हवं. रक्कम कायमनिधीसाठी असेल तर देणाऱ्याचं तसं लेखी पत्र जोडा. तोंडी सांगितलेला कायमनिधी ऑडिटमध्ये टिकत नाही.

पॅन पावती फाडतानाच घ्या. “मग व्हॉट्सअॅपवर पाठवतो” म्हणणारा माणूस मेमध्ये फोन उचलत नाही.

दानपेटीत आलेल्या निनावी पैशांचा हिशेब वेगळा ठेवा. निनावी देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की संस्थेलाच ३० टक्के कर बसतो. ती मर्यादा म्हणजे एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतली मोठी रक्कम.

> तपासणी : दर महिन्याच्या शेवटी पावतीबुक आणि पासबुक शेजारी ठेवून एकेक नोंद जुळवा. वर्षाअखेरीस हे काम कोणाच्याही हातून होत नाही.

टप्पा ६ : ३१ मे, संस्थेची सगळ्यात महत्त्वाची तारीख

आर्थिक वर्षात आलेल्या देणग्यांचं १०बीडी विवरण संस्थेने पुढच्या ३१ मेपर्यंत पोर्टलवर भरायचं, आणि त्यावरून तयार होणारं १०बीई प्रमाणपत्र त्याच तारखेपर्यंत देणाऱ्याला द्यायचं. हे नसेल तर पावती कितीही देखणी असो, वजावट अडते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आणि वर १० हजार ते १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

१. संस्थेच्या लॉगिनने (सचिवाच्या वैयक्तिक नव्हे) १०बीडी उघडा आणि सीएसव्ही नमुना उतरवून घ्या.

२. प्रत्येक देणगीदाराची एक ओळ. एकाने काही रोख आणि काही चेकने दिले असतील तर दोन ओळी. देणगीचा प्रकार (कायमनिधी, विशिष्ट कामासाठी, इतर) बरोबर निवडा.

३. आधार क्रमांक भरत असाल तर एक्सेलमध्ये तो रकाना आधी “टेक्स्ट” करा. नाही तर बारा आकड्यांचं १.२३४५७ई+११ असं काहीतरी होतं, सीएसव्हीत तेच जतन होतं आणि अपलोड करताना फाइल नाकारली जाते. यूआरएनची तारीखही एक्सेल आपल्या मनाने फिरवतं. जतन केल्यावर फाइल नोटपॅडमध्ये उघडून एकदा बघा.

४. डिजिटल सही किंवा ईव्हीसीने (ओटीपीवरून) पडताळणी करा. ओटीपी पदाधिकाऱ्याच्या मोबाइलवर येतो, त्यामुळे त्या दिवशी ते रेंजमध्ये असू द्या. भामरागड-एटापल्लीकडच्या संस्थांना हे सांगावं लागत नाही.

५. साधारण दिवसभरानंतर १०बीई उतरवून घ्या आणि प्रत्येकाला पाठवा.

पॅन किंवा रक्कम चुकली असेल तर सुधारित १०बीडी भरता येतं. पण देणाऱ्याने रिटर्न भरायच्या आधी.

टप्पा ७ : देणाऱ्याचं रिटर्न

शाळा किंवा कार्यालय फॉर्म १६ मध्ये अशा संस्थांची देणगी धरत नाही. ती रिटर्नमध्ये स्वतः दाखवायची. ८०जीच्या तक्त्यात संस्थेचं नाव, पत्ता, पॅन, रोख आणि इतर मार्गाने दिलेली रक्कम, आणि १०बीईवरचा एआरएन (संदर्भ क्रमांक) भरा. “५० टक्के, मर्यादेसह” हाच गट निवडा. १०० टक्क्यांच्या गटात टाकलं की हमखास पत्र येतं. जुनी रचना हवी असणाऱ्या पगारदाराने रिटर्न मुदतीतच भरायला हवं. उशिरा भरलं तर नवी रचना लागते आणि वजावट जाते.

१०बीई जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं नाही तर सचिवांना फोन करा. जुलैच्या शेवटी करू नका. रिटर्न भरून झाल्यावर प्रमाणपत्र आलं तर मुदतीत सुधारित रिटर्न भरता येतं.

“लाखाची पावती देतो, पाच टक्के कापून बाकी रोख परत” असं सांगणारे एजंट तालुक्याच्या ठिकाणीही फिरतात. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर तपासणी केली, आणि त्यात ८०जीही होतं. पुढच्याने संस्थेचा खरा यूआरएन दाखवला तरी व्यवहार खोटाच आहे, आणि उत्तर द्यायची वेळ येते ती रिटर्न भरणाऱ्यावर. असा दावा आधीच गेला असेल तर नोटिशीची वाट बघू नका. सुधारित रिटर्नची मुदत संपली असेल तर अद्ययावत रिटर्न भरता येतं. त्याची मुदत आता ४८ महिने आहे, आणि जितका उशीर कराल तितका जादा कर: पहिल्या वर्षात २५ टक्के, मग ५०, ६० आणि ७०.